एक ‘एल’ की दोन? – प्रवासातले इंग्रजी



जून उजाडून शाळा सुरू झाल्या, की या पानाकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. मे महिन्यात विचारणा असते ती गावाला जाताना डाळी-तांदळाला कीड लागू नये म्हणून काय करावे, प्रवासात दशम्या किती दिवस टिकतात, याची. जूनमध्ये मात्र ‘सुट्टीत मी केलेला प्रवास’ या निबंधाची पत्रे येऊ लागतात. निबंध मुलांना दिलेला असतो आणि घाम आईला फुटतो!

बोरिवलीच्या एका भगिनीने लिहिले आहे: ‘माझी मुलगी सहावीत, इंग्रजी माध्यमात आहे. मी स्वतः मराठी शाळेत शिकले. तिच्या निबंधात मी ट्रॅव्हलिंग हा शब्द दोन एल घालून लिहून दिला. तिने तो मोबाईलवर लिहून पाहिला तर खाली लाल रेघ आली. लगेच म्हणाली, आई, तुला नाही येत, मी बाबांना विचारते. पुढे शाळेतल्या बाईंनी दोन एलच बरोबर धरले. पण त्या दिवसापासून मी तिच्या इंग्रजीच्या वहीला हात लावलेला नाही.’

एलचे काय ते आपण सोडवूच. पण पत्रातले शेवटचे वाक्य मला जास्त महत्त्वाचे वाटते. मराठी शाळेतून आलेल्या कितीतरी आया मुलांच्या वह्यांपासून अशाच हळूहळू दूर होतात. आधी वही बंद होते, मग पालकसभेला ‘तुम्हीच जा’ असे यजमानांना सांगितले जाते, आणि मग मुलेही आईला अभ्यासातले काही विचारेनाशी होतात. एका एलपायी एवढे होऊ द्यायचे का? म्हणून या वेळी फक्त प्रवासातल्या इंग्रजी शब्दांबद्दल बोलू या.

आधी निवडायला शिका

तांदूळ निवडताना आपण काय करतो? खडा दिसला की टाकतो. पण आंबेमोहोरात चार दाणे कोलमचे आले, तर त्यांना कोणी खडे म्हणत नाही. तोही तांदूळच. फक्त दोन्ही एकत्र शिजवले की एक मऊ होतो, एक कच्चा राहतो, म्हणून वेगळे ठेवायचे. तिसरा असतो गावाकडून आलेला घरचा तांदूळ. आपल्याला त्याची चव ठाऊक असते. पाहुण्यांना वाढताना मात्र त्यांना चालेल का, हे एकदा पाहावे लागते.

इंग्रजीतल्या ‘चुका’ अशाच तीन प्रकारच्या असतात. काही खरोखरचे खडे असतात. काही चुका नसतातच, ते दुसऱ्या देशाचे वाण असते. आणि काही शब्द आपल्या भारतीय घरचे असतात. पुष्कळदा आपण तिन्ही एकाच सुपात घालतो आणि ‘मला इंग्रजी येत नाही’ असे म्हणून सूपच खाली ठेवतो.

लाल रेघ म्हणजे लाल शेरा नव्हे

आता तो एल. इंग्लंडमध्ये ट्रॅव्हलिंग, ट्रॅव्हलर, ट्रॅव्हल्ड या तिन्ही शब्दांत दोन एल लिहितात. अमेरिकेत एकच लिहितात. दोन्ही बरोबर. आपल्याकडच्या शाळांत सर्वसाधारणपणे इंग्लंडचा रिवाज चालतो, म्हणून बाईंनी दोन एल बरोबर धरले. मोबाईलमध्ये मात्र बरेचदा अमेरिकेचे इंग्रजी ठेवलेले असते, म्हणून त्याने रेघ मारली. तेव्हा चूक आईचीही नाही आणि मोबाईलचीही नाही. उपाय सोपा आहे. मोबाईलच्या भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘इंग्लिश (इंडिया)’ किंवा ‘इंग्लिश (युनायटेड किंग्डम)’ निवडा. रेघ जाईल.

असा फरक पडलाच का? इंग्लंडमध्ये डॉ. जॉन्सन यांचा मोठा शब्दकोश १७५५ साली निघाला. पुढे अमेरिका स्वतंत्र झाली, आणि नोआ वेब्स्टर नावाच्या शाळामास्तराने मनावर घेतले की आपल्या देशाची स्पेलिंगेही आपली आणि सुटसुटीत असावीत. त्याचा कोश १८२८ साली आला. त्याने कलरमधला यू काढला, सेंटरच्या शेवटी आर-ईच्या जागी ई-आर आणले आणि ट्रॅव्हलरचा एक एल कमी केला. बस्स, एवढीच गोष्ट!

आपल्या मराठीत नाही का असे झाले? आजीची जुनी पत्रे जपली असतील तर काढून पाहा. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरें’, ‘तुझें पत्र पोंचलें’ असे टिंबांचे नुसते तांदूळ सांडलेले दिसतील. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम शासनाने मान्य केले, १९७२ साली त्यांत आणखी भर पडली, आणि ही टिंबे गेली. म्हणून आजी अशुद्ध लिहीत होती असे आपण म्हणतो का? तिच्या काळचा रिवाज वेगळा होता, इतकेच.

यामागे एक नियमही आहे, तो मुलांना जरूर सांगा. क्रियापदाला ‘इंग’ किंवा ‘एड’ लावताना शेवटचे अक्षर दुप्पट करायचे की नाही, हे बोलताना जोर कुठे पडतो त्यावर ठरते. ‘बिगिन’ म्हणताना जोर शेवटी पडतो, म्हणून बिगिनिंगमध्ये दोन एन. ‘व्हिजिट’ म्हणताना जोर सुरुवातीला पडतो, म्हणून व्हिजिटिंगमध्ये टी एकच. हे दोन्ही देशांत सारखेच. ‘ट्रॅव्हल’मध्येही जोर सुरुवातीला आहे, तेव्हा नियमाने एल एकच यायला हवा. अमेरिकेने नियम पाळला. इंग्लंडने मात्र एलचे लाड केले आणि त्याला जोर नसतानाही दुप्पट केले. गाडी रद्द झाली की लागतो तो ‘कॅन्सल्ड’ही तसाच: इंग्लंडात दोन एल, अमेरिकेत एक. ‘कॅन्सलेशन’मध्ये मात्र दोन्हीकडे दोनच एल बरं का!

याच पंगतीतले आणखी काही शब्द: आपला टायर इंग्लंडात टी-वाय-आर-ई, अमेरिकेत टी-आय-आर-ई. किलोमीटरच्या शेवटी इंग्लंडात आर-ई, अमेरिकेत ई-आर. पण रिक्षाचा मीटर हे मोजायचे यंत्र, त्याच्या शेवटी दोन्हीकडे ई-आरच. म्हणजे आपल्या पद्धतीने घाटकोपरचा रिक्षावाला ई-आरच्या मीटरवर आर-ईचे किलोमीटर मोजतो! गाडी चालवण्याचा परवाना इंग्लंडच्या पद्धतीत सी घालून, अमेरिकेच्या पद्धतीत एस घालून. आपल्या सरकारी कार्डावर सी असतो.

तेव्हा सूत्र एवढेच: एका निबंधात एकच वाण. वरच्या ओळीत दोन एलचे ट्रॅव्हलिंग आणि खाली एका एलचा ट्रॅव्हलर, असे झाले तर मात्र बाई रेघ मारतील, आणि ती योग्य असेल.

खरे खडे

आता जे शब्द दोन्ही देशांत चुकीचेच ठरतात ते निवडून काढू.

पहिला ‘बर्थ’. आगगाडीतली झोपायची जागा लिहायची बी-ई-आर-टी-एच. ईच्या जागी आय घातला की अर्थ होतो जन्म. ‘मला खालचा जन्म द्यावा’ असा अर्ज कशाला करायचा? (बर्थवरून आठवले. पंचेचाळीस वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांना, जागा शिल्लक असेल तर, तिकीट काढतानाच खालचा बर्थ आपोआप देण्याची सोय रेल्वेने ठेवली आहे. तेव्हा निदान त्या अर्जात तरी वय लपवू नका!)

दुसरा ‘फेअर’. प्रवासभाडे म्हणजे एफ-ए-आर-ई. जत्रा किंवा गोरा रंग म्हणजे एफ-ए-आय-आर. भाड्याचा फेअर हा जुन्या इंग्रजीतल्या ‘जाणे’ या अर्थाच्या शब्दातून आला आहे. ‘फेअरवेल’मध्येही तोच आहे: नीट जा, सुखरूप जा. आपण दारात उभे राहून ‘सावकाश जा गं’ म्हणतो, त्यातलाच प्रकार. हे सांगितले की मुले स्पेलिंग विसरत नाहीत.

तिसरा ‘स्टेशनरी’. गाडी एका जागी थांबलेली आहे, तर शेवटी ए-आर-वाय. वह्या-पेन्सिलींचे दुकान असेल तर ई-आर-वाय. इंग्रजीत लिफाफ्याला एन्व्हलप म्हणतात, त्याची सुरुवात ईने होते; म्हणून कागद-लिफाफ्यांच्या दुकानाला ई, हे लक्षात ठेवायचे.

चौथा ‘ब्रेक’. गाडीचा ब्रेक बी-आर-ए-के-ई. मोडणे किंवा मधली सुट्टी असेल तर बी-आर-ई-ए-के. यांची अदलाबदल झाली तर ‘ड्रायव्हरने गाडी मोडली’ असा अर्थ निघायचा.

पाचवा ‘लगेज’. यात दोन जी. आणि त्याचे अनेकवचन होत नाही. बोचकी दहा असली तरी ‘लगेज’च, ‘लगेजेस’ नाही. आपण तरी ‘सामाने’ कुठे म्हणतो? या शब्दाचे मूळ आहे ‘लग’, म्हणजे ओढत नेणे. चाकांची बॅग येण्यापूर्वी ज्यांनी लोखंडी ट्रंका ओढल्या, त्यांना हे मूळ समजावून सांगायला नको.

सहावा ‘अकॉमोडेशन’. यात्रेला गेल्यावर राहायची सोय. यात दोन सी, दोन एम. धर्मशाळेत आल्या-गेल्या सगळ्यांची जोडीने सोय करायची, अशी खूण मुलांना सांगा.

वाक्यांतले खडेही थोडे पाहू. ‘पोहोचणे’ या अर्थाच्या ‘रीच’पुढे ‘टू’ लागत नाही. मराठीत आपण ‘अंधेरीला पोहोचलो’ म्हणतो, त्या ‘ला’चा मोह होतो, पण ‘रीच्ड अंधेरी’ एवढेच पुरे. पायी जाणे म्हणजे ‘ऑन फूट’; ‘बाय वॉक’ असे नाही. ‘रिटर्न’मध्ये परतणे आलेच, मागे ‘बॅक’ नको. आणि ‘आय हॅड अ नाइस ट्रॅव्हल’ हे वाक्य निबंधांत फार येते. तिथे ट्रॅव्हल चालत नाही. का, ते आता पाहू.

प्रवास एक, नावे अनेक

मुलुंडच्या एका भगिनीने विचारले आहे, ‘ट्रॅव्हल, जर्नी, ट्रिप, टूर, व्हॉयेज या सगळ्यांचा अर्थ शब्दकोशात प्रवास असाच दिला आहे. मग एवढे शब्द कशाला?’

आता मी उलट विचारते: आपल्याकडे प्रवास, सहल, यात्रा, वारी, फेरी, दौरा एवढे शब्द कशाला? पंढरपूरला जाणारा वारकरी ‘दौऱ्यावर’ गेला असे आपण म्हणत नाही, आणि मंत्री ‘सहलीला’ गेले असे कोणी म्हटले तर ते टोमणा मारण्यासाठीच. तसेच हे.

‘ट्रॅव्हल’ म्हणजे प्रवास ही एकूण क्रिया. ‘स्वयंपाक’ जसा एक-दोन असा मोजत नाही, तसे नाम म्हणून ट्रॅव्हलही एकेक करून मोजत नाहीत. म्हणून ‘अ ट्रॅव्हल’ चुकते. ‘जर्नी’ म्हणजे इथून तिथपर्यंतचे जाणे. निबंधात ‘आय हॅड अ नाइस जर्नी’ हवे. ‘ट्रिप’मध्ये जाणे आणि परत येणे दोन्ही आले. ‘टूर’ म्हणजे चार ठिकाणे फिरून येणे. ‘व्हॉयेज’ समुद्रावरचा किंवा अंतराळातला लांबचा प्रवास. दादरहून मुलुंडला कोणी व्हॉयेज करत नाही. यात्रेला, वारीला ‘पिल्ग्रिमेज’. आणि शाळेची जाते ती खरे तर ‘एक्स्कर्शन’. ‘पिकनिक’ म्हणजे मुळात घराबाहेर मोकळ्यावर बसून केलेले खाणे. डबा खाल्ला ती पिकनिक, किल्ला पाहिला ती एक्स्कर्शन!

अनेकवचन करताना एक बारीक गोष्ट. जर्नीच्या शेवटी वाय आहे, पण त्याआधी ई हा स्वर आहे, म्हणून नुसता एस लावायचा. ‘सिटी’त वायच्या आधी टी आहे, म्हणून वाय जाऊन आय-ई-एस येते. वर्सोव्याहून मढला नेणारी होडी, ती ‘फेरी’. तिचेही अनेकवचन आय-ई-एसने. हा इंग्रजी फेरी शब्द आणि आपण दिवसातून चार मारतो ती बाजाराची फेरी, यांचा काही संबंध नाही हं.

ट्रॅव्हल आणि जर्नी यांची मुळेही ऐकण्याजोगी आहेत. दोन्ही फ्रेंचमधून आले. जर्नीच्या पोटात ‘दिवस’ आहे: एका दिवसात होईल एवढी वाट, म्हणजे आपली एका दिवसाची मजल. ट्रॅव्हलच्या पोटात आहेत कष्ट आणि यातना. ज्या फ्रेंच शब्दावरून तो आला त्याचे मूळ तीन खांबांच्या एका छळ करण्याच्या साधनाच्या लॅटिन नावात सांगतात. सकाळच्या गर्दीत कुर्ल्याला गाडीत शिरणाऱ्या कोणत्याही बाईला हे ऐकून नवल वाटणार नाही.

घरचे वाण

आता तिसरा ढीग. हे शब्द आपल्या देशात सगळ्यांना कळतात, वर्तमानपत्रांत आणि सरकारी कागदांतही दिसतात. त्यांना चूक म्हणू नका. पण परदेशातल्या माणसाला लिहिताना, किंवा परीक्षेत, कुठला शब्द बदलावा हे माहीत असू द्या.

‘आउट ऑफ स्टेशन’. साहेब गावाला गेले, हे सांगायला आपण हेच म्हणतो. कंपनी सरकारच्या काळात अधिकारी जिथे नेमणुकीवर राहत त्या ठिकाणाला स्टेशन म्हणत. ते राज्य गेले, शब्द राहिला. इंग्लंडच्या माणसाला मात्र वाटेल, हे रेल्वे स्टेशनच्या बाहेर उभे आहेत! त्याला ‘आउट ऑफ टाउन’ किंवा ‘अवे’ लिहा.

‘नेटिव्ह प्लेस’. बाहेरच्यांना ‘होमटाउन’ सांगावे. मुले ‘गाव’ म्हणजे ‘व्हिलेज’ असे सरसकट लिहितात आणि मग निबंधात सांगली-कोल्हापूरची खेडी होतात. आपल्या ‘गावाला जाणे’ या शब्दांत जे आहे ते इंग्रजीच्या एका शब्दात बसत नाही, हेही मुलांना कळू द्या.

‘स्टे’ आणि ‘लिव्ह’. ‘आय स्टे इन घाटकोपर’ आपण सगळेच म्हणतो. इंग्लंडात ‘स्टे’ म्हणजे पाहुणे म्हणून किंवा हॉटेलात चार दिवस राहणे. जिथे आपला संसार आहे तिथे ‘लिव्ह’.

‘गेट डाउन’. गाडीतून उतरायला आपला शब्द. तिकडे ‘गेट ऑफ’. रिक्षातून किंवा मोटारीतून असेल तर ‘गेट आउट ऑफ’.

‘बोगी’. आपण डब्याला बोगी म्हणतो. इंग्लंडात बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा. निबंधात ‘वी सॅट इन द बोगी’ लिहिले तर तिकडचा वाचक घाबरून जाईल! ‘कोच’ लिहावे.

‘प्रीपोन’. पोस्टपोनच्या उलट. हा शब्द आपल्या देशात चांगलाच रुळला आणि आता इंग्रजी शब्दकोशांतही जाऊन बसला आहे. म्हणजे घरचे वाण कधीकधी बाजारातही खपते.

अप, डाऊन आणि पास

अंधेरीच्या एका भगिनीच्या मुलाने आईला कोड्यात टाकले आहे: ‘अप गाडी वर जाते आणि डाऊन गाडी खाली जाते का?’

नाही. इंग्लंडात लंडनकडे जाणारी गाडी अप, लंडनपासून दूर जाणारी डाऊन. मुख्य ठिकाण ‘वर’, एवढाच मान. तोच रिवाज इकडे आला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा चर्चगेटकडे जाणारी लोकल ती अप, तिकडून आपल्याकडे येणारी ती डाऊन. चढ-उताराशी काही संबंध नाही. उलट मुंबईहून पुण्याकडे निघालेली डाऊन गाडी कर्जतच्या पुढे बोरघाट चढून वर खंडाळ्याला जाते!

या दोन शब्दांचे आपण मराठीत झकास क्रियापद केले: ‘ते मुलुंडहून रोज अप-डाऊन करतात.’ इंग्रजीत मात्र ‘कम्यूट’ म्हणायचे. कम्यूट म्हणजे मुळात बदलून कमी करणे. फाशीची शिक्षा कम्यूट होऊन जन्मठेप होते, तोच शब्द. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रोजच्या उतारूंना एकत्र पैसे भरून सवलतीचे तिकीट मिळे, त्याला कम्युटेशन तिकीट म्हणत. ते वापरणारा तो कम्यूटर. म्हणजे या शब्दाचा जन्मच पासातून झाला. आपण ज्याला पास म्हणतो त्याचे रेल्वेच्या कागदांवरचे नाव मात्र ‘सीझन तिकीट’. रेल्वेच्या भाषेत पास म्हणजे कर्मचाऱ्यांना मिळणारी फुकट प्रवासाची चिठ्ठी.

आणखी एक: नुसते ‘गाडीने’ म्हणायचे असेल तर ‘बाय ट्रेन’, मध्ये ‘द’ नको. पण ठरावीक गाडी सांगायची, तर ‘बाय द आठ-बाराची फास्ट’ असा ‘द’ लागतो. बसमध्ये, गाडीत ‘ऑन’. रिक्षात, मोटारीत ‘इन’. जिथे उभे राहून दोन पावले टाकता येतात तिथे ऑन, जिथे वाकून शिरून बसावे लागते तिथे इन, अशी खूण धरा. दोन पावले टाकायला जागा असो वा नसो!

एक लेडीज, दोन लेडीज

आता जरा आपल्याबद्दल. ‘इथे एक लेडीज बसली आहे’ हे वाक्य बसमध्ये रोज ऐकू येते. एक असेल तर ‘लेडी’, दोन झाल्या की ‘लेडीज’. आणि डबा ‘लेडीजचा’, म्हणून इंग्रजीत लिहिताना एसच्या नंतर वरचा स्वल्पविराम देतात, एसच्या आधी नाही. डबा एकीचा नसतो, पुष्कळजणींचा असतो, असे लक्षात ठेवा. पाट्यांवर आणि नावांत तो स्वल्पविराम गाळलेलाही चालतो. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी संपूर्ण गाडीच स्त्रियांसाठी सुरू केली, ती ‘लेडीज स्पेशल’ म्हणूनच सगळ्यांच्या तोंडी बसली.

मग गाडी चालवणारी बाई असेल तर तिला काय म्हणायचे? मोटरमनमध्ये ‘मन’ म्हणजे पुरुष. साताऱ्याच्या सुरेखा यादव या भारतातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी आणली आणि २०२५ साली त्या निवृत्त झाल्या. त्यांच्यासारख्या स्त्रिया आल्यावर वर्तमानपत्रांनी ‘मोटरवुमन’ लिहायला सुरुवात केली. रेल्वेचा ‘लोको पायलट’ हा शब्द बरा, तो बाई-पुरुष दोघांनाही लागतो. गार्डचे नावही रेल्वेने २०२२ साली बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केले. म्हणजे शब्द आपल्या डोळ्यांदेखत बदलत असतात, आणि ते बदलतात म्हणून कोणी अडाणी ठरत नाही.

हे शब्द परके नाहीत

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. तेव्हापासून हे शब्द आपल्या घरांत आहेत. प्लॅटफॉर्मचा ‘फलाट’ आपल्या पणज्या-आज्यांच्या पिढ्यांनी केला, टिकेटचे ‘तिकीट’ त्यांनीच केले. त्यांना कोणी स्पेलिंग विचारले नाही आणि त्यांचे अडलेही नाही. ‘स्टेशन’ आणि आपले ‘स्थानक’ हे तर लांबचे भाऊच. दोन्हींच्या मुळाशी उभे राहणे, थांबणे आहे. वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो २०१४ साली सुरू झाली. त्या मेट्रोचे मूळ ग्रीक भाषेतल्या ‘मातृनगरी’ या अर्थाच्या शब्दात आहे, आणि त्यातली माता आपल्या ‘मातृ’चीच बहीण. ‘टर्मिनस’ म्हणजे लॅटिनमध्ये हद्द. आपल्या ‘शीव’चाही अर्थ हद्दच. इंग्रजी पाटीवर त्या शीवचे ‘सायन’ झाले आहे, इतकेच.

पाट्यांवरून मुलांना एक गंमत दाखवा. विलेपार्ल्याच्या पाटीवर पहिला शब्द इंग्रजीत व्ही-आय-एल-ई असा आहे. इंग्रजी नियमाने तो ‘व्हाइल’ वाचला तर अर्थ होतो ओंगळ. कोणताही मुंबईकर तसे वाचत नाही. कसे वाचायचे हे आपल्याला ठाऊक आहे, कारण गाव आपले आहे. स्पेलिंगपेक्षा माणसाला असलेली माहिती मोठी, हे तिथे पटते.

या आठवड्यात करायच्या चार गोष्टी

१. मोबाईलची इंग्रजी भाषा बदलून घ्या. मुलाला बरोबर घेऊन करा, म्हणजे रेघ का येत होती हे त्यालाही कळेल.

२. स्वयंपाकघराच्या दाराआड एक कागद चिकटवा. त्यावर तीन रकाने करा: खडे, दुसरे वाण, घरचे वाण. रोज एक शब्द मुलाने आणायचा आणि कुठल्या रकान्यात जातो ते दोघांनी मिळून ठरवायचे. अडले तर शब्दकोश उघडायचा. शब्दकोश बघणे म्हणजे हरणे नव्हे, बाईही बघतात. मी शाळेत शिकवते, माझ्या टेबलावर तो नेहमी उघडा असतो.

३. मूल म्हणाले, ‘आई, हे चूक आहे,’ तर लगेच गप्प बसू नका आणि रागावूही नका. ‘कुठल्या देशात चूक?’ एवढेच विचारा. पुष्कळदा दोघांनाही नवे काही कळेल.

४. निबंध लिहून देऊ नका. प्रवासाची गोष्ट मुलाकडून आधी मराठीत ऐकून घ्या: गाडीत कोण भेटले, डब्यात काय होते, घाटात बोगदा आल्यावर कोण ओरडले. ते कसे खुलवायचे हे तुम्हाला येते, आणि शाळेत गुण मिळतात ते बरेचसे त्याचेच. इंग्रजी त्यानंतर. आणि बोरिवलीच्या भगिनीला एवढेच सांगणे, की तुमचे दोन्ही एल बरोबर होते. वही उघडा.

पुढच्या लेखात दवाखान्यातले आणि औषधांच्या चिठ्ठीवरचे इंग्रजी घेऊ. तुम्हाला अडलेले शब्द पोस्टकार्डावर लिहून कळवा. अक्षर कसेही असले तरी चालेल!